ओव्हाळांचे चोवीस पाउंड

येरवड्यापासून खराडीपर्यंत बॅडमिंटन खेळणाऱ्या कुणालाही दशरथ ओव्हाळांबद्दल विचारा. तो तोंडाने काही सांगणार नाही. आधी पिशवीतून रॅकेट काढेल, जाळीवर बोट मारून टण्ण आवाज काढून दाखवेल आणि म्हणेल, "ओव्हाळांचे चोवीस." एवढ्यात सगळं आलं असं त्याला वाटतं, आणि परवापरवापर्यंत ते खरंही होतं.

न खेळणाऱ्यांसाठी सांगायला हवं. रॅकेटची जाळी भरण्याला आपल्याकडे गटिंग म्हणतात. तार किती ताणायची ते पाउंडात मोजतात. नवशिक्याला वीस, बऱ्यापैकी खेळणाऱ्याला चोवीस, आणि ज्यांच्या मनगटात दम आहे, किंवा तो आहे अशी ज्यांची स्वतःची समजूत आहे, त्यांना त्याच्या पुढे. तार सैल असली तर फूल, म्हणजे शटल, लांब उडतं, घट्ट असली तर हुकमत येते पण जोर आपला लावावा लागतो. खेळाडू या एकदोन पाउंडांसाठी भांडतात, रुसतात, दुकान बदलतात. बाहेरच्याला हा शुद्ध चावटपणा वाटतो.

ओव्हाळांनी हे काम तीस वर्षं केलं. गुंजन चौकाजवळ संजयशेठचं खेळाच्या सामानाचं छोटं दुकान होतं, तिथे दारालगत एका टेबलाला हाताने फिरवायची मशीन ठोकलेली. तीही संजयशेठने कुण्या क्लबाकडून जुनी घेतलेली. मशीनला एक हँडल, एक स्प्रिंग आणि पाउंडाचे आकडे कोरलेली पट्टी. ओव्हाळ समोर स्टुलावर बसायचे, चष्मा नाकावर, आणि गिऱ्हाइकाला फारसं बोलू द्यायचे नाहीत. कुणी घाईने विचारलं, "काका, किती वेळ लागेल?" तर रॅकेटची मोडकी कड निरखत म्हणायचे, "आपटायला किती लागला होता?" गिऱ्हाईक ओशाळून हसायचं आणि दुसऱ्या दिवशी यायचं. माणूस तिरका होता, पण त्याच्या हातून भरलेली जाळी एकसारखी असायची. दहा रॅकेटी भरल्या तर दहाही जुळ्या बहिणी.

या रॅकेटींत एक रॅकेट तनुजा गलांडेची होती. वडगाव शेरीच्या शेतकरी घरातली नऊ वर्षांची पोर, वडिलांच्या स्कूटरवर पुढे उभी राहून यायची. ओव्हाळांनी तिला आधी अठरा दिले, मग वीस, आणि ती चौदाची झाल्यावर चोवीस. तिने राज्यात बक्षिसं मिळवली तेव्हा तिच्या वडिलांनी पहिला पेढा या स्टुलाशी आणून दिला होता. एकोणिसाव्या वर्षी ती जबलपूरला राष्ट्रीय स्पर्धेच्या अंतिम सामन्यात गेली आणि एकवीस-नऊ, एकवीस-सात अशी हरली. जिला तिने आधी तीनदा हरवलं होतं, तिच्याशी. पेपरात आलं, 'पुण्याची तनुजा दडपणाखाली कोसळली.' वर्षभरात तिने खेळणं सोडलं. आता ती चौतीस वर्षांची आहे, खराडीत मुलांना शिकवते, आणि चाळीसेक मुलांच्या रॅकेटी ओव्हाळांकडेच यायच्या.

गेल्या वर्षी संजयशेठची इमारत पाडायला काढली आणि दुकान मिटलं. ओव्हाळ एकसष्टाचे. मशीन घरी आणून त्यांनी पलंगाखाली ठेवली. आठ दिवस बायकोने, सुंदराबाईने, सहन केलं. नवव्या दिवशी ती म्हणाली, "घरात बसून माझ्या फोडणीला नावं ठेवण्यापेक्षा बाहेर जाऊन कुणाच्या तरी रॅकेटीला ठेवा."

म्हणून ते खराडीला गेले. तिथे आयटीवाल्यांच्या काचेच्या इमारतींमध्ये 'अव्वल स्पोर्ट्स'चं नवं दुकान झालं होतं. दुकान कसलं, जत्राच. दारावरचा सोनबा हा तिथल्याच गावचा म्हातारा, रखवालदाराच्या गणवेशात. ओव्हाळ बाहेरच घुटमळताना बघून तो म्हणाला, "आवं जावा की आत. बघायला पैसं पडत न्हाईत, समदं फुकाट हाय."

आत पाऊल टाकलं आणि ओव्हाळांचा आ वासला. उगाच शब्द वापरत नाही, खरोखर तोंड उघडं राहिलं. तीस वर्षं ज्या माणसाने खेळाचं दुकान म्हणजे बारा बाय दहाची खोली समजली, त्याच्यासमोर दोन मजले नुसते खेळाचे. बुटांची अख्खी भिंत. टांगलेल्या सायकली. पाण्यात न उतरता वल्हवायची यंत्रं. डोंगर चढायच्या दोऱ्या, आणि त्या बांधून बघायला आतच उभा केलेला एक डोंगर. जिन्याशी देशाचा मोठा नकाशा, आणि कंपनीच्या प्रत्येक दुकानाचा एकेक बारीक दिवा. तीनशे चाळीस दिवे. काश्मीरपासून खाली पार टोकापर्यंत. ओव्हाळ त्या नकाशासमोर उभे राहिले आणि त्यांना वाटलं, या एवढ्या गावांत या घटकेला कुणीतरी रॅकेट हातात घेऊन फिरवून बघत असेल. त्यांना भरून आलं. वस्तूंचा मोह त्यांना कधीच नव्हता. पण खेळ एवढा मोठा असतो हे त्यांना कुणी आजवर दाखवलंच नव्हतं.

रॅकेटींच्या विभागात लाकडी फरशीचं, लांबीला पुरं पण रुंदीला अर्धं कोर्ट आखलेलं होतं. ओव्हाळांनी काठाशी चप्पल काढली आणि मग आत पाय ठेवला.

"काका, तीन महिन्यांत इथे चप्पल काढून आलेले तुम्ही पहिले," मागून आवाज आला. ती शेफाली राऊत, दुकानाची मॅनेजर. तिशीच्या आतली, गळ्यात ओळखपत्र, डोळ्यांखाली झोप कमी पडल्याची काळी वर्तुळं.

"कोर्ट आहे ना," ओव्हाळ म्हणाले.

नाव ऐकल्यावर ती चमकली. "ओव्हाळ? ते चोवीसवाले?" तिने त्यांना बसवलं, चहा मागवला आणि आपलं रडगाणं सांगितलं. कंपनी देशात पहिली. पुण्यात तिसरी, कारण इथे एक परदेशी दुकान आणि पेठेतले जुने दुकानदार तिच्या पुढे. आणि रॅकेटींच्या यादीत मोठ्या शहरांतल्या एकशे अठरा दुकानांपैकी खराडी एकशे अकरावी. दर महिन्याला गुरगावच्या मुख्य कचेरीतून ती यादी येते. "लोक इथे येतात, रॅकेट हवेत फिरवतात, फोटो काढतात आणि पेठेत जाऊन विकत घेतात. का, तर म्हणे गटिंग तिथे चांगलं होतं. माझ्याकडे मशीन आहे, लाखमोलाची, पण ती चालवणारा माणूस दुसरीकडे गेला. रोज कुणी ना कुणी विचारतं, ओव्हाळांचे चोवीस मिळतील का?"

"ज्याच्या हाती जाळी, त्याच्याकडे गिऱ्हाईक," ओव्हाळ म्हणाले.

शेफालीचा विचार ठरलेलाच होता. ओव्हाळांनी कामावर यायचं, जुनी मशीन आणायची, ती काचेत ठेवायची, वर पाटी लावायची, 'ओव्हाळांचे चोवीस, आता अव्वलमध्ये'. आणि सगळ्यात मोठी आशा म्हणजे तनुजा गलांडेची अकादमी. ती मुलं एकदा इथे आली की तिची यादीतली जागा सुधारलीच.

सोमवारी ओव्हाळ रिक्षातून मशीन घेऊन आले. फडक्यात गुंडाळून, मांडीवर धरून. कंपनीचा नियम असा की कुठलंही मशीन दुकानात लावण्याआधी काट्यावर तपासायचं. काटा म्हणजे हातभर लांबीचा एक हूक, मधे छोटा पडदा. एक टोक मशीनला, दुसरं टोक तारेला, आणि ताण पडला की पडद्यावर पाउंड दिसतात. शेफालीने आधी कंपनीची मशीन चोवीसवर लावली. बटण दाबलं, मशीनने तार ओढली, बीप वाजला. काट्यावर चोवीस. तार जराशी ढिली पडली तसं मशीनने आपण होऊन ती पुन्हा ओढली आणि चोवीसवर धरून ठेवली. ओव्हाळ तोंडात बोट घालून बघत राहिले. हात न लावता जिला तारेचं सैल पडणं कळतं अशी मशीन! "कमाल आहे," ते म्हणाले. "हिला मन आहे की काय."

मग त्यांची मशीन. हँडल फिरवलं, पट्टीवर चोवीसला खटका बसला. काट्यावर एकवीस पूर्णांक सहा.

"काटा नीट बसला नसेल," ओव्हाळ म्हणाले. पुन्हा लावला. एकवीस पूर्णांक सहा. तिसऱ्या वेळी त्यांनी स्वतः लावला. एकवीस पूर्णांक पाच.

स्प्रिंग म्हातारी झालेली. आणि खटक्याची मशीन एकदा ओढून थांबते, तार ढिली पडली तरी तिला पत्ता नसतो. कधीपासून? कुणास ठाऊक. मशीन आणली तेव्हाच ती जुनी होती. म्हणजे बहुधा पहिल्या दिवसापासून. अडीच पाउंड म्हणजे सव्वा किलोही नाही, भाजीवाल्याने गोणीमागे एवढी दांडी मारली तर आपण दोन शब्द बोलून पुढे जातो. पण ओव्हाळ स्टुलावर बसले ते उठेचनात. दरवर्षी कुणीतरी बाहेरगावाहून खेळून यायचं आणि म्हणायचं, "काका, तुमच्यासारखं गटिंग कुठे नाही. तिकडचे चोवीस म्हणजे नुसता दगड." तीस वर्षं लोक त्यांना त्यांची चूक तोंडावर सांगत होते, आणि ते कौतुक समजून खिशात घालत होते.

शेफाली हुशार मुलगी. तिने क्षणात तोड काढली. "काका, काही बिघडलेलं नाही. कुणी चोवीस मागितले की आपण या मशीनवर साडेएकवीस लावू आणि चोवीस म्हणून देऊ. त्यांच्या हाताला तेच हवंय. कुणालाही कळणार नाही."

तोड अगदी बिनचूक होती. ओव्हाळ तिच्याकडे बघतच राहिले. खोटं बोलणं इतकं सोपं आणि इतकं सगळ्यांच्या सोयीचं असू शकतं याचं त्यांना नवल वाटलं. "उद्या सांगतो," म्हणून ते घरी आले.

सुंदराबाई लसूण सोलत होती. तिने सगळं ऐकून घेतलं. "तीस वर्षांत कुणी तक्रार केली?"

"नाही."

"मग कशाला जीव जाळताय? सगळे खेळले ना त्याच्यावर?"

"इथे खेळले ते खेळले," ओव्हाळ म्हणाले, आणि बोलता बोलता थांबले. इथे. तनुजाच्या दोन रॅकेटी होत्या जबलपूरला. एकीची तार उपउपांत्य सामन्यात तुटली, दुसरीची उपांत्य सामन्यात. दोन्ही तिथेच भरून घेतल्या, स्पर्धेच्या मशीनवर. परत आल्यावर तिच्या वडिलांनीच सांगितलं होतं. आणि तिने किती सांगितले असतील? चोवीस. ती दुसरं काय सांगणार? चौदाव्या वर्षापासून तिला तोच आकडा ओव्हाळांनी पढवलेला. तिथल्यांनी तिला खरे चोवीस दिले. तिच्या हाताने आयुष्यात कधी न पाहिलेले चोवीस. अंतिम सामन्यात तिचं प्रत्येक फूल मागच्या रेषेआधी हातभर कमी पडलं, आणि समोरचीने वरून हाणलं. पोर दडपणाखाली कोसळली नव्हती. तिच्या हातात दुसऱ्याची रॅकेट होती.

ओव्हाळांनी हे मोठ्याने सांगितलं तेव्हा सुंदराबाईच्या हातातला लसूण तसाच राहिला. ती म्हणाली, "मग सांगायलाच लागेल."

"सांगितलं तर ती माझं तोंड बघणार नाही."

"न बघू दे," सुंदराबाई म्हणाली. "पण तिला तिचं बघू दे."

तनुजा हैदराबादला होती, चार मुलांना घेऊन दोन महिन्यांच्या शिबिराला. असलं फोनवर सांगायचं नसतं. तोवर ओव्हाळांनी बाकीचं काम उरकायला घेतलं. सकाळी सहाला एकेका हॉलच्या दारात जाऊन उभे राहायचे. येरवडा, कल्याणीनगर, वडगाव शेरी, विमाननगर. येणाऱ्या जाणाऱ्याला थांबवून सांगायचे, "मी आजवर दिलेले चोवीस चोवीस नव्हते. साडेएकवीस होते. चूक माझी. यापुढे कुठेही भरून घ्याल तर साडेएकवीस सांगा."

असा माणूस मी तरी पाहिलेला नाही. आपल्याकडे लोक पकडले गेल्यावरही कबूल होत नाहीत, आणि हा न पकडलेला माणूस दारोदार हिंडून स्वतःची अब्रू वाटत होता. खेळाडूंनी मात्र पुणेरी पद्धतीने घेतलं. एका निवृत्त बँक अधिकाऱ्याने चष्मा पुसत विचारलं, "म्हणजे माझे फटके बाहेर जायचे ते तुमच्यामुळे?"

"त्यातले काही," ओव्हाळ म्हणाले. "बाकीचे तुमचेच."

कामाला लागताना त्यांनी शेफालीला एकच अट घातली. पाटी लावायची तर खरी लावा. शेफाली दोन दिवस घुश्शात होती. तिसऱ्या दिवशी तिने स्वतः मजकूर लिहिला: 'ओव्हाळांचे चोवीस म्हणजे साडेएकवीस. ही चूक त्यांनी स्वतः शोधली आणि स्वतः सांगितली. अशा माणसाकडून रॅकेट भरून घ्या.'

आणि गंमत बघा. लोकांची रीघ लागली. जो माणूस अडीच पाउंडांसाठी एवढा कासावीस होतो त्याच्याकडे रॅकेट द्यायची नाही तर कुणाकडे? गटिंगला आलेला माणूस रॅकेटही तिथूनच घेऊ लागला. दोन महिन्यांत एकशे अकरावी खराडी एकेचाळिसावी झाली. गुरगावला हा साडेएकवीसचा आकडा काही उमगेना. देशभर कुणीच मागत नाही आणि एकट्या खराडीत रोज चाळीस जण तोच मागतात, म्हणजे मशीन बिघडली असणार, असं ठरवून त्यांनी तपासायला इंजिनिअर पाठवला. त्याने मशीन तपासली, चहा घेतला, पाटी मोबाइलवर भाषांतर करून वाचली आणि जाताना ओव्हाळांच्या पाया पडला.

ओव्हाळांना यातलं काही गोड लागत नव्हतं. यादीतली जागा चढत होती आणि त्यांच्या छातीतला दगड तसाच होता. शेफालीलाही धाकधूक होती. अकादमीची मुलं अजून आली नव्हती, आणि आता येतील की नाही ते एका बाईच्या रागावर होतं.

दिवाळी झाली आणि एका मंगळवारी दुपारी तनुजा दुकानात आली. पाटी तिने दारातच वाचली होती. ती सरळ ओव्हाळांपुढे येऊन म्हणाली, "काका, हे काय लिहिलंय?"

ओव्हाळ उभे राहिले. पाठ केलेलं सगळं विसरले. "जबलपूर," एवढंच म्हणाले. मग हळूहळू सगळं सांगितलं. स्प्रिंग, काटा, दोन तुटलेल्या तारा, तिने तिथे सांगितलेला आकडा. तनुजा ऐकत होती, तिचा चेहरा मात्र कोराच राहिला. शेफाली बुटांच्या भिंतीआड उभी राहून सगळं ऐकत होती.

"दोन रॅकेटी भरा," तनुजा म्हणाली. "एक खरे चोवीस. एक साडेएकवीस."

तासभर ओव्हाळ काम करत होते आणि ती समोर बसून होती. मग तिने बूट काढले, अनवाणी त्या अर्ध्या कोर्टवर गेली. चोवीसवाली रॅकेट घेऊन तिने फूल उंच उडवलं. ते मागच्या रेषेच्या हातभर अलीकडे पडलं. पुन्हा. पुन्हा तिथेच. दहा वेळा मारून तिने रॅकेट बदलली. आता फूल गेलं आणि रेषेवर टेकलं. दुसरं रेषेवर. तिसरं रेषेवर. पंधरा वर्षं सामना न खेळलेल्या बाईचा हात, आणि फुलं एकाच वितीत पडत होती. दुकानातली गिऱ्हाइकं हातातलं सामान तसंच धरून बघत उभी राहिली. ओव्हाळांनी तिच्या रॅकेटी शेकड्यांनी भरल्या होत्या, पण तिला खेळताना ते पहिल्यांदाच बघत होते. त्यांच्या अंगावर काटा आला.

ती परत आली तेव्हा तिचे डोळे वाहत होते.

"पंधरा वर्षं मी स्वतःला सांगत आले, तनुजा, तू ऐन वेळी घाबरलीस. पोरांनाही तेच सांगते, माझ्यासारखं घाबरू नका म्हणून."

"माझ्यामुळे हरलीस तू," ओव्हाळ म्हणाले.

"हो," ती म्हणाली. "तुमच्यामुळे हरले. आणि तुम्ही सांगितलं नसतं तर मरेपर्यंत हरतच राहिले असते."

तिने तिथेच आईला फोन लावला. आईला ऐकायला कमी येतं, त्यामुळे दोन्हीकडचं बोलणं सगळ्या दुकानाला ऐकू गेलं.

"आई, जबलपूरला मी घाबरले नव्हते. ओव्हाळकाकांच्या मशीनमध्ये चूक होती. तारेचा आकडाच चुकीचा होता."

"कुनी सांगितलं तुला?"

"त्यांनीच."

"सोताहून?"

"हो. स्वतःहून."

पलीकडे पिठाचा डबा उघडल्याचा आवाज आला. मग म्हातारी म्हणाली, "मग त्येंला आन् त्येंच्या घरच्या मालकिणीला आज संगं घिऊनच ये. मी भाकरी टाकते."